घराजवळच्याच बर्गरच्या दुकानात काम: लाज वाटत असेल तर लांबची शाखा मागावी का?

तर्री-पोहे:
बी.कॉम. करणारा पोट्टा नागपूरच्या मानेवाड्यात राहतो. चौकातल्याच साखळी दुकानात जागा निघते, पण काउंटरवर गल्लीतल्या काकू येतील, शाळेतले मित्र येतील म्हणून तो लांबच्या सदर भागातली शाखा मागतो. माझं मत, मागू द्या. मान खाली घालून काम करणारा महिनाभरात सोडतो आणि मग ‘हे आपल्याला जमत नाही’ एवढंच डोक्यात राहतं. मुलाखतीतच सांगावं की कोणतीही शाखा चालेल. काम हाताला बसलं की बदली मागता येते. साखळीत पद्धत सगळीकडे सारखीच, नव्याने शिकावं लागत नाही.

क्लोजिंग-शिफ्ट:
भाऊ, आधी हिशेब करा. एका बाजूला नऊ किलोमीटर धरा. रोज १८, महिन्याचे २६ दिवस, म्हणजे ४६८ किलोमीटर. गाडी लिटरला ४५ देत असेल तर जवळपास साडेदहा लिटर पेट्रोल, हजाराच्या वर गेले. पगार बारा हजार, आणि तो सगळा पीएफसाठी धरला, तर पीएफ १,४४०, ईएसआय (कामगारांचा आजारपणाचा विमा) ९०, व्यवसाय कर २००. हातात १०,२७०. (बायकांना २५,००० पर्यंत व्यवसाय कर नाही, तेवढे दोनशे वाचतात.) त्यातला दहावा हिस्सा फक्त काकूंपासून लपायला?

आणि दुकान अकराला बंद झालं म्हणजे सुट्टी झाली असं नाही. तेल गाळणं, फ्रायर पुसणं, चिमणीच्या जाळ्या भिजत घालणं, फरशी, गल्ला मोजणं, फेकलेल्या मालाची नोंद. तास-सव्वा तास धराच. मेट्रो तोवर झोपलेली असते.

तर्री-पोहे:
पैशाचं मान्य. पण क्लोजिंगची, म्हणजे दुकान बंद करायची पाळी रोज नसते, आणि कॉलेजवाल्याला दुपारची पाळी मागता येते. हजार रुपयांत माणूस टिकत असेल तर महाग नाही.

कढईसमोर:
दोघंही टोकाला जाताय. शाखा जवळचीच घ्या, जागा किचनमधली मागा. ग्रिल, फ्रायर, बर्गर जोडायचं टेबल, यातलं काहीही. टोपी, केसांची जाळी, ॲप्रन, शिवाय समोर भिंत. कोण ओळखतो? गणवेश मात्र घरून घालून निघू नका, दुकानात बदला. रस्त्यावरची धूळ अन्नात जाऊ नये म्हणून तसंही तेच बरोबर, आणि शेजाऱ्यांचा प्रश्नही तिथेच मिटतो.

गल्ला-दोन:
किचन म्हणजे लपायची जागा, हे कोणी सांगितलं? नवा माणूस फ्रायरवर उभा राहिला की चटके ठरलेले. तेल १७५ ते १८० अंशांवर असतं. गोठलेल्या फ्राइजची टोपली तेलावर धरून हलवली की बर्फाचे कण आत पडतात आणि तेल थेट मनगटावर उडतं. हलवायची ती बाजूला, मग आत सोडायची. टोपली अर्धीच भरायची, नाहीतर तेल थंड पडतं आणि फ्राइज तेल पिऊन लुळ्या होतात. भाजलं तर वीस मिनिटं थंड पाण्याची धार. टूथपेस्ट नाही, बर्फ नाही. आपल्याकडे मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी चहाला चालेल इतकं तापतं, तेव्हा पिण्याच्या पाण्याचा नळ कुठे आहे ते पहिल्याच दिवशी बघून ठेवा. लाजेपोटी फ्रायर मागणारा हे विचारतच नाही.

घराजवळच्या काउंटरची खरी अडचण वेगळीच आहे. ओळखीचे फुकटे! ‘अरे, आपलाच आहे, एक चीज टाक ना वरून.’ एक स्लाइस गेला की रात्री साठा जुळत नाही, आणि गल्ल्यावर कॅमेरा असतोच. त्यामुळे ओळखीचा दिसला की बिल शेजारच्या गल्ल्यावर द्यावं. ते शक्य नसेल तर ऑर्डर मोठ्याने वाचून दाखवावी, म्हणजे जादा मागायला तोंड उघडत नाही. बिल रद्द करायचं असेल तर मॅनेजरच्या कार्डानेच, ‘मग करू’ नाही. स्टाफची सूट स्वतःच्या जेवणापुरती, काकांच्या पार्सलला लावली तर नोकरी जाते.

तर्री-पोहे:
हे तर माझ्याच बाजूचं झालं! सदरला कोण चीज मागणार?

गल्ला-दोन:
तिथे मित्र मागतील, पंधरा दिवसांत. ‘नाही’ म्हणायचं कुठेतरी शिकावंच लागतं.

अजनी-कट्टा:
मुलींचा विचार कोणीच केला नाही. राज्याच्या दुकाने आणि आस्थापना कायद्यानुसार बाईला रात्री साडेनऊनंतर थांबवायचं तर तिची संमती लागते आणि घरापर्यंत सोडायची सोय मालकाने करायची असते. प्रत्यक्षात ‘जवळच तर राहते’ म्हणून जवळच्या मुलीची गाडी सगळ्यात आधी कापली जाते. कोणी पाळीवर आलं नाही की पहिला फोनही तिलाच. म्हणून जवळची शाखा घेताना दोन गोष्टी लेखी घ्या: गाडी, आणि आठवड्याची सुट्टी कोणत्या वारी. जादा तासांना दुप्पट दर असतो, तोही पगाराच्या चिठ्ठीत वेगळा दाखवलेला हवा.

क्लोजिंग-शिफ्ट:
सुट्टीच्या दिवशी फोन, हे मात्र खरं. जवळ राहण्याचा तोटा हाच, हे मान्य.

तर्री-पोहे:
आणि लाजेचं? ते तसंच राहिलं.

गल्ला-दोन:
लाजेला एक शनिवार संध्याकाळ द्या. सातपासून रांग लागते, माणसाचा चेहरा दिसतच नाही, नुसता टोकन नंबर दिसतो.