ओला चोथा थेट खाद्यात नको
बिअर कारखान्यात उरलेला धान्याचा ओला चोथा ब्रॉयलरच्या (मांसासाठी वाढवलेल्या कोंबड्यांच्या) खाद्यात तसाच मिसळायचा विचार कुणीतरी मांडलाय. कृपया तसं करू नका. त्यात 75-80 टक्के पाणीच असतं. उकाड्यात दोन-तीन दिवसांत आंबूस वास सुटतो, मग बुरशी धरते. आधी वाळवून ओलावा 10-12 टक्क्यांवर आणा, मग दळा. प्रथिनं चांगली आहेत, पण तंतूही भरपूर आणि कोंबडीला ते गायीसारखे पचत नाहीत. लहान पिल्लांना तर नकोच.

बेकरीचा चुरा मला जास्त आवडतो, ऊर्जा भरपूर. फक्त त्यातलं मीठ तपासून खाद्यातलं मीठ तेवढं कमी करा. मीठ वाढलं की पक्षी पाणी जास्त पितात, विष्ठा पातळ होते. शेडमध्ये पक्ष्यांखाली अंथरलेला भुसा मुठीत दाबून बघा, गोळा तसाच राहिला तर तो फार ओला झालाय, मग अमोनियाचा वास आणि तळपायाच्या जखमा लांब नाहीत.