‘खायिल’ म्हणजे शौर्य, संपत्ती की सैन्य? अर्थ ठरवायचा कसा?

रूथ_वाचन:
बायबलच्या जुन्या करारातले रूथचे पुस्तक हिब्रू मजकूर शेजारी ठेवून वाचतो आहे. २:१ मध्ये बवाजला (ज्याच्याशी पुढे रूथचे लग्न होते) ‘गिब्बोर खायिल’ म्हटले आहे (गिब्बोर म्हणजे बलवान, वीर) आणि ३:११ मध्ये रूथला ‘एशेत खायिल’ (एशेत म्हणजे स्त्री). शास्ते ६:१२ मध्ये देवदूत गिदोनाला हाक मारतो, तेव्हाही ‘गिब्बोर हेखायिल’च. भाषांतरांत मात्र हाच शब्द कुठे धनवान होतो, कुठे शूर वीर, तर कुठे सद्गुणी. मूळ अर्थ नेमका कोणता? आणि एखाद्या ओळीत कोणता घ्यायचा, हे कशावरून ठरवायचे?

अक्षर_पारखी:
मराठीतला ‘बळ’ डोळ्यांसमोर ठेवा. अंगातले बळ, द्रव्यबळ, मनुष्यबळ, सैन्यबळ: शब्द एकच, शेजार बदलला की रोख बदलतो. खायिलचेही तसेच. ज्याच्या जोरावर माणूस काही पार पाडू शकतो, ते खायिल.

ओळीतला अर्थ ठरवताना आधी शेजारचे शब्द पाहा. ‘सार’ म्हणजे सरदार किंवा अधिकारी. ‘सार हखायिल’ असेल तर सेनापती. राजाचे किंवा राष्ट्राचे नाव जोडले की शब्दाचे रूप ‘खेल’ होते: ‘खेल पारो’ म्हणजे फारोचे सैन्य (निर्गम १४). पण तेवढ्यावर थांबू नका. यशया ८:४ मधले ‘खेल दम्मेसेक’ हे दिमिष्काचे (दमास्कसचे) सैन्य नाही, लुटून नेली जाणारी संपत्ती आहे. तिथे पुढेच शोमरोनाच्या लुटीचा उल्लेख आहे.

‘आसा खायिल’ (खायिल करणे) इथे सर्वात जास्त चुका होतात. गणना २४:१८ आणि स्तोत्र ६० च्या शेवटी त्याचा अर्थ पराक्रम गाजवणे. पण ‘माझ्यासाठी’, ‘स्वतःसाठी’ असे सर्वनाम जोडलेले असेल, तर बहुधा धन मिळवणे. अनुवाद ८:१७ आणि यहेज्केल २८:४ शेजारी ठेवून वाचा, फरक लगेच दिसेल.

जुना_करार_अभ्यासक:
‘गिब्बोर खायिल’ दिसले की हातात तलवार आहे असे धरून चालू नका. २ राजे १५:२० मध्ये मनहेम राजा अश्शूरच्या पूल राजाला १,००० किक्कार (वजनाचे मोठे माप) चांदी देण्यासाठी हा कर ‘गिब्बोरे हखायिल’ लोकांवर बसवतो, माणशी ५० शेकेल (वजनाचे लहान माप). किक्काराचे ३,००० शेकेल धरले (निर्गम ३८:२५-२६ मधून हेच प्रमाण निघते), तर ६०,००० माणसे होतात. इथे अर्थ उघड आहे: कर भरण्याची ऐपत असलेले जमीनदार. लढाईला स्वतःच्या खर्चाने शस्त्र घेऊन उतरणे अशांनाच परवडणार, म्हणून शौर्य आणि ऐपत या शब्दात एकत्र नांदतात.

आता १ इतिहास ९:१३ पाहा. तिथे १,७६० याजक ‘गिब्बोरे खेल’ आहेत, आणि काम आहे देवाच्या मंदिरातली सेवा. म्हणजे कामाला समर्थ माणसे. १ राजे १:५२ तर फारच बोलके आहे. गादी बळकावू पाहणाऱ्या अदोनीयाबद्दल शलमोन म्हणतो, तो ‘बेन खायिल’ (शब्दशः खायिलचा पुत्र) ठरला तर त्याचा एक केसही भुईवर पडणार नाही. त्याच्याकडून इथे पराक्रम नको आहे, सरळ वागणे हवे आहे.

रूथ_वाचन:
मग गिदोनाचे काय? तो तर द्राक्षकुंडात लपून गहू झोडत होता, आणि आपले कूळ सर्वात दुबळे आहे असे म्हणतो.

जुना_करार_अभ्यासक:
६:२७ वाचा, त्याच्या हाताखाली दहा चाकर आहेत. बापाच्या मालकीची बआल या कनानी देवाची वेदी आहे. घर खाऊनपिऊन सुखी दिसते, त्यामुळे ‘प्रतिष्ठित घरचा माणूस’ हा अर्थही तिथे बसतो. तरी मला ‘वीर’च योग्य वाटतो, कारण पुढे दोनच ओळींनी, ६:१४ मध्ये, देव त्याला ‘या तुझ्या बळाने जा’ असे सांगतो.

अक्षर_पारखी:
कोशात शोधताना एक सांभाळा. स्वरचिन्हे नसतील तर खेत, योद, लामेद ही तीन अक्षरे ‘खील’ (प्रसूतीसारखी वेदना, स्तोत्र ४८:६) अशीही वाचता येतात, आणि तटबंदीचा ‘खेल’ही जवळचाच. स्ट्राँगच्या क्रमांकांत (बायबलच्या मूळ शब्दांना स्ट्राँगच्या शब्दसूचीत दिलेले क्रमांक) तटबंदी २४२६, वेदना २४२७, आपला शब्द २४२८. दानीएलातला अरामी शब्द वेगळा, २४२९. तिथे ३:४ मध्ये दवंडीवाला ‘बेखायिल’ ओरडतो, म्हणजे मोठ्याने. आधुनिक हिब्रूत ‘खायाल’ म्हणजे सैनिक आणि ‘खेल हाअवीर’ म्हणजे हवाई दल, पण तो अर्थ उलटा रूथवर लादू नये.

शब्बाथ_दीप:
मला ‘सद्गुणी’बद्दल बोलायचे आहे. आज तो शब्द ऐकला की शांत, सोशिक बाई समोर येते. नीतिसूत्रे ३१:१०-३१ मधली स्त्री तशी अजिबात नाही. ती शेत पारखून विकत घेते, द्राक्षमळा लावते, तागाची वस्त्रे विकते. मूळ शब्दही रणांगणावरचे आहेत: ११ व्या ओळीतल्या मिळकतीसाठी ‘शालाल’ म्हणजे लूट, १५ व्या ओळीतल्या अन्नासाठी ‘तेरेफ’ म्हणजे शिकार, आणि १७ व्या ओळीत ती बळाने कंबर कसते. बेने इस्राएलांसह ज्यू समाजात शुक्रवारी संध्याकाळी ‘एशेत खायिल’ म्हणून गातात ते हेच २२ ओळींचे काव्य. हिब्रूच्या २२ अक्षरांतले एकेक अक्षर क्रमाने प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला येते.

माझ्या मते मराठीत ‘कर्तबगार’ इतका जवळचा दुसरा शब्द नाही. रूथला तो चपखल बसतो. ती परक्या मवाबातली विधवा, दुसऱ्याच्या शेतात सरवा वेचणारी. तिच्याकडे धन नाही, सैन्यही नाही, तरी बवाज तिला तोच शब्द देतो जो २:१ मध्ये त्याच्यासाठी वापरला आहे. भाषांतर करताना दोन्हीकडे ‘कर्तबगार’ ठेवा, म्हणजे ही जोडी वाचकाला दिसेल. लेनिनग्राड हस्तलिखितात (हिब्रू बायबलची जुनी संपूर्ण प्रत, इ. स. १००८) रूथचे पुस्तक नीतिसूत्रांच्या लगेच पुढे येते, तेव्हा तिथे ३१ वा अध्याय संपवून वाचक थेट तिच्याकडेच पोहोचतो.