फर्मवेअर प्रकल्पाने स्वतःचा कंपायलर सांभाळावा का?

सह्यकडा

पुण्यात एम्बेडेडमध्ये काम करतो. गेल्या हिवाळ्यात आमच्या एका जुन्या बोर्डाचं इथरनेट थंडीत कधीकधी उठत नव्हतं. कारण लवकर सापडलं, रीसेट सोडल्यावर थांबायचा वेळ कमी पडत होता. एका ओळीतला एक आकडा बदलायचा. ती ओळ बोर्डापर्यंत पोचवायला मला अडीच दिवस लागले.

आमचा बूटलोडर (बोर्ड सुरू होताना चालणारं फर्मवेअर, म्हणजे चिपवरच साठवलेला प्रोग्रॅम) यू-बूट या मुक्त प्रकल्पाच्या २०१८ सालच्या आवृत्तीवर बेतलेला आहे. ज्या मशीनवर तो तेव्हा बिल्ड व्हायचा ते मशीन कधीच भंगारात गेलं. नव्या लॅपटॉपवर बिल्ड पहिल्याच मिनिटात पडला आणि तोही बोर्डाच्या कोडमध्ये नाही, तर डीटीसीमध्ये. डीटीसी म्हणजे डिव्हाइस ट्रीचा, बोर्डाच्या हार्डवेअरच्या वर्णनाचा कंपायलर, जो बोर्डावर जातच नाही, आपल्या पीसीवरच चालतो. 'वायवायलॉक' या व्हेरिएबलची व्याख्या दोनदा झाल्याची तक्रार होती. जीसीसी म्हणजे सोर्समधून यंत्राचा कोड घडवणारा नेहमीचा कंपायलर. त्याच्या १० व्या आवृत्तीने २०२० मध्ये एक डीफॉल्ट बदललं. एकच ग्लोबल व्हेरिएबल दोन फाइलींत नुसतं जाहीर केलं, तर आधी लिंकर (कोडचे तुकडे जोडणारा प्रोग्रॅम) ते मुकाट्याने एक करून घ्यायचा, आता घेत नाही. लिनक्स कर्नल काय, यू-बूट काय, दोघांच्या जुन्या सोर्सला हा फटका बसला. ते निस्तरलं तर पुढे बिनमॅन, म्हणजे तुकडे जोडून फर्मवेअरची इमेज बनवणारं यू-बूटचं साधन, उभा. त्या काळातल्या बिनमॅनला पायथन २ हवा, आणि पायथन २ ची देखभाल १ जानेवारी २०२० ला थांबली. नव्या डेबियन लिनक्समध्ये तो शोधूनही मिळत नाही.

यात चूक आमचीच. कोड जपला, पण तो कोड ज्याने घडतो ती हत्यारं जपली नाहीत.

म्हणून मला कोअरबूट या, पीसीच्या बायोसच्या जागी बसणाऱ्या मुक्त फर्मवेअरची पद्धत बरोबर वाटते. तिथे सोर्सच्या आतच एक स्क्रिप्ट आहे. ती ठरलेल्या आवृत्तीचे जीसीसी, बिनयुटिल्स (असेम्बलर, लिंकर), एसीपीआय तक्त्यांसाठी आयएएसएल कंपायलर वगैरे उतरवते, चेकसम तपासते, प्रकल्पाचे स्वतःचे पॅच लावते आणि क्रॉस कंपायलर (एका मशीनवर चालून दुसऱ्यासाठी कोड घडवणारा) बांधून देते. डिस्ट्रोचा, म्हणजे आपल्या लिनक्ससोबत येणारा कंपायलर वापरायचा तर केकॉन्फिगमध्ये, म्हणजे बिल्डच्या सेटिंगमध्ये तसं मुद्दाम सांगावं लागतं. तुमची उबुंटू असो की आर्च, बोर्डावर जाणारा कोड एकाच कंपायलरने घडतो.

माझं म्हणणं, ज्या फर्मवेअरला दहा वर्षं जगायचं आहे त्याने टूलचेन, म्हणजे कंपायलर आणि त्याच्या सोबतची हत्यारं, आपल्या घरातच ठेवावी. त्रास आहे, पण तो आपल्या सोयीच्या दिवशी होतो. नाहीतर तोच त्रास ग्राहकाचा फोन येतो त्या दिवशी होतो.

बूटपथ

तुमचे अडीच दिवस कशात गेले ते पुन्हा वाचा. डीटीसी आणि बिनमॅन. दोन्ही होस्ट टूल, म्हणजे बोर्डावर नाही तर पीसीवर चालणारी. स्वतःचा क्रॉस कंपायलर असता तर यातलं काय वाचलं असतं? काहीच नाही. होस्ट टूल तुमच्या पीसीच्या कंपायलरनेच बांधली जातात, कोअरबूटमध्येही. इमेजमध्ये फाइली भरणारं सीबीएफएसटूल बांधायला तिथेही डिस्ट्रोचाच जीसीसी लागतो. उदाहरण एका गोष्टीचं आणि निष्कर्ष दुसऱ्याच गोष्टीचा, असं झालंय.

दुसरं, कंपायलर 'घरात ठेवणं' म्हणजे तो कपाटात ठेवणं नाही. जुना जीसीसी नव्या जीसीसीने बांधावा लागतो. जीसीसी ४.९ सारखा कंपायलर आजच्या मशीनवर बांधून बघा, त्याच्या सी++ भागातली एक जुनी हॅश तक्त्याची फाइल नव्या कंपायलरला चालतच नाही. म्हणजे दहा वर्षांनी तुमची ती स्क्रिप्टही पडणार. मग ती दुरुस्त करणारा माणूस शोधा. बोर्ड जाणणारे थोडे, आणि बोर्ड जाणून जीसीसीच्या बिल्डमध्ये हात घालणारे त्याहून थोडे.

यू-बूट कंपायलर पुरवत नाही. 'क्रॉस कंपाइल' व्हेरिएबलमध्ये तुमच्या टूलचेनचा उपसर्ग द्या आणि चालू करा. अगदीच काही नसेल तर यू-बूटचाच बिल्डमॅन कर्नल डॉट ऑर्गवरून तयार टूलचेन उतरवून देतो. लिनक्स कर्नल म्हणतं, अमुक आवृत्तीपासून पुढचा कोणताही जीसीसी चालेल. त्यामुळे दर नवा कंपायलर हा फुकटचा रिव्ह्यूअर होतो. जीसीसी ६ ने २०१६ मध्ये फसव्या इंडेंटेशनची सूचना द्यायला सुरुवात केली. कंस विसरल्याने 'इफ'च्या बाहेर पडलेल्या ओळी डोळ्यांना वर्षानुवर्षं दिसत नाहीत, कंपायलरला क्षणात दिसतात. एका आवृत्तीवर अडून बसलात तर ते दार बंद.

नदीकाठ

बूटपथ, होस्ट टूलबद्दल तुमचं बरोबर. कंपायलरबद्दल नाही.

डिस्ट्रोचा जीसीसी हा नुसता जीसीसी नसतो. तो डेस्कटॉपवरच्या प्रोग्रॅमसाठी जुळवलेला जीसीसी असतो. उबुंटूने ६.१० पासून स्टॅक प्रोटेक्टर (स्टॅकवर भलतंच काही लिहिलं गेलं का ते तपासणारा) आपोआप चालू केला, १६.१० पासून पीआयई (मेमरीत कुठेही ठेवला तरी चालणारा प्रोग्रॅम). डेबियनने २०१७ च्या आवृत्तीत पीआयई चालू केला. त्यांच्या दृष्टीने योग्यच. पण रॅम उठायच्या आधी चालणाऱ्या कोडला स्टॅक कुठला असतो? कॅशला रॅम समजून त्यात मांडलेले काही किलोबाइट. पीआयईने आणलेली रीलोकेशन (पत्त्यांच्या दुरुस्त्या) लावून द्यायला तिथे लोडर नसतो. स्टॅक प्रोटेक्टरला जो कॅनरी, म्हणजे खुणेचा आकडा, वाचायचा असतो तो मांडणारं कोणी नसतं. मग काय होतं? एरर येत नाही. सीरियल कन्सोल कोरी. पंखा फिरतो, बाकी शांतता. फ्लॅश चिपवर क्लिप लावून जुनी इमेज परत लिहायची आणि अंदाज बांधत बसायचं.

आता सगळेच प्रकल्प हे पर्याय बंद करणारे फ्लॅग मेकफाइलमध्ये (बिल्डच्या सूचनांची फाइल) लिहून ठेवतात. पण तो प्रत्येक फ्लॅग आधी कुणाचा तरी बोर्ड मेल्यावर लिहिला गेलाय. डिस्ट्रोने उद्या कोणतं नवं डीफॉल्ट आणलं, तर पहिला बोर्ड कुणाचा मरणार? मेंटेनरचा नाही, नवख्याचा.

आणि कोअरबूटवाल्यांना ही सवय हौसेने लागलेली नाही. हा प्रकल्प १९९९ मध्ये लॉस अलामोसच्या प्रयोगशाळेत रॉन मिनिच यांनी लिनक्सबायोस म्हणून सुरू केला, २००८ मध्ये नाव बदललं. सुरुवातीच्या काळात रॅमशिवाय चालेल असा कोड कुठलाच कंपायलर देत नव्हता. म्हणून एरिक बीडरमन यांनी रॉमसीसी लिहिला. सगळी व्हेरिएबलं फक्त प्रोसेसरच्या रजिस्टरांत बसवणारा सी कंपायलर, एकाच प्रचंड सी फाइलमध्ये. पुढे कॅश-अ‍ॅज-रॅम रुळलं आणि २०१९-२० च्या सुमारास रॉमसीसी काढून टाकला गेला. तोवर तो किती पिढ्यांच्या बोर्डांना उठवत होता! कंपायलर हा फर्मवेअरचाच भाग आहे हे तिथे अनुभवाने शिकलेलं आहे.

बूटपथ

रॉमसीसीचं उदाहरण माझ्या बाजूचं आहे. तो काढायला इतकी वर्षं का लागली? कारण त्याच्यावर बसलेले जुने बोर्ड हलवायला माणसं नव्हती. शेवटी जे बोर्ड नव्या पद्धतीवर आले नाहीत ते मुख्य शाखेतून गेले. घरचं हत्यार असं गळ्यात पडतं.

मास्तर

जिल्ह्याच्या ठिकाणी इंजिनीअरिंग कॉलेजात शिकवतो. माझी बाजू तुम्हा दोघांपेक्षा वेगळी आहे.

दरवर्षी दोन-चार मुलं म्हणतात, सर, बायोसच्या आत काय असतं ते बघायचंय. डोळ्यांत चमक असते. त्यांच्याकडे चार जीबी रॅमचा लॅपटॉप, मोबाइलचं हॉटस्पॉट. पहिली पायरी काय, तर आधी कंपायलर बांधा. जीसीसीचा दाबलेला टारबॉलच ऐंशी एमबीच्या आसपास, मग बाकीचे. चार जॉब एकदम लावले की रॅम संपते, लॅपटॉप गोठतो. एकेक करत लावलं तर बिल्ड रात्रभर चालतो, आणि रात्री लाइट गेली की सकाळी पुन्हा पहिल्यापासून. कंपायलर आधीच बांधून ठेवलेली तयार डॉकर इमेज आहे, ठाऊक आहे. ती कित्येक जीबींची. सोमवारची चमक गुरुवारपर्यंत विझलेली असते. क्यूईएमयूवर, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या नकली संगणकावर, एक 'हॅलो' छापायला एवढं कशाला?

मी त्यांना सरळ डिस्ट्रोचा कंपायलर वापरायला लावतो. क्यूईएमयूवर काही ब्रिक, म्हणजे निकामी, होत नाही. मुलगा अर्ध्या तासात पहिली इमेज उठताना बघतो. टूलचेनचं महत्त्व त्याला दुसऱ्या महिन्यात सांगता येतं.

एक विनंती होस्ट टूलबद्दल. ती साध्या सीमध्ये, शक्यतो कुठल्याही लायब्ररीवर न टेकता लिहिलेली असू देत. पायथनमध्ये लिहिणं सोपं हे मान्य. पण यू-बूटचं पायलिबएफडीटी (पायथनमधून डिव्हाइस ट्री हाताळणारी लायब्ररी) बांधायला स्विग (सी आणि पायथन जोडणारं साधन) लागतं, पायथनच्या हेडर फाइली लागतात. २०२३ मध्ये पायथन ३.१२ ने पॅकेज बांधायचं डिस्टयुटिल्स काढून टाकलं आणि त्यावर विसंबलेला जुना सोर्स परत पडला. मुलाला वाटतं, माझंच काहीतरी चुकलं.

सह्यकडा

मास्तर, मुलांचं तुम्ही लिहिलंत ते मनाला लागलं. 'कोणताही कंपायलर चालेल' हा पर्याय कोपऱ्यात लपवू नये, क्यूईएमयूच्या बोर्डासाठी तर तोच डीफॉल्ट असावा, हे मी आता मान्य करतो.

बूटपथ, माझं उदाहरण होस्ट टूलचं होतं हेही खरं. पण त्यावरून तुम्ही 'म्हणून कंपायलरही सोडा' म्हणता, तिथे मी थांबतो. होस्ट टूल पडतं तेव्हा ते ओरडून पडतं. एरर येते, ओळ क्रमांक येतो. चुकीच्या कंपायलरने घडलेली इमेज नीट बांधली जाते आणि बोर्डावर मरते. ओरडून पडणाऱ्याला डिस्ट्रोच्या हवाली करायला माझी हरकत नाही. न बोलता मरणाऱ्याला नाही.

शिवाय मेकफाइलची साफसफाई. कोअरबूटमध्ये बिल्डमधली तारीख-वेळ गोठवायची सोय आहे. मेकफाइल बदलायच्या आधी सगळे बोर्ड बांधायचे, बदलल्यावर परत बांधायचे आणि इमेज बाइट-बाइट ताडून बघायच्या. एकही बाइट हलला नाही तर पॅच निर्धास्त घ्या. बिल्ड सिस्टिम सांभाळणाऱ्याला याहून मोठा आधार नाही. हे जमतं कारण कंपायलर पक्का आहे.

बूटपथ

ती तुलना एकाच मशीनवर एकाच दिवशी होते. आधीची आणि नंतरची इमेज दोन्ही माझ्या डिस्ट्रोच्या जीसीसीने बांधली तरी बाइट तितकेच जुळतात. पक्का कंपायलर लागतो तो तुमची इमेज आणि माझी इमेज ताडायची असेल तेव्हा. ती गरज खरी आहे, पण ती वेगळी.

पॅकेजवाली

एका डिस्ट्रोसाठी स्वयंसेवक म्हणून पॅकेज बांधते. इथे सगळे कंपायलर कुणाचा यावर भांडताहेत, मला काळजी बिल्ड स्क्रिप्ट वाचतं कोण याची आहे.

मार्च २०२४ मधलं एक्सझेड या फाइली दाबणाऱ्या लायब्ररीचं प्रकरण आठवा. ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत मागचं दार होतं. ते लायब्ररीच्या सी कोडमध्ये सरळ लिहिलेलं नव्हतं. चाचणीच्या बायनरी फाइलींत दडवलेलं होतं आणि ते बाहेर काढणारी ओळ होती बिल्डच्या एका एम४ फाइलमध्ये, जी टारबॉलमध्ये होती पण गिटमध्ये तशी नव्हती. आंद्रेस फ्रॉइंड या प्रोग्रॅमरना एसएसएच लॉगिन अर्ध्या सेकंदाने मंद झाल्याचं खटकलं म्हणून ते सापडलं. हल्लेखोराने ती जागा निवडली कारण तिथे कोणी बघत नाही हे त्याला माहीत होतं. आणि मूळ मेंटेनर एकटा होता, थकलेला होता.

सह्यकडा, चेकसम तुम्हाला सांगतो की काल उतरवलेला टारबॉल आणि आजचा एकच आहे. तो स्वच्छ आहे हे सांगत नाही. बूटपथ, 'डिस्ट्रोवर सोडा' म्हणाल तर त्या दोन आवृत्त्या डेबियनच्या चाचणी शाखेत आणि फेडोराच्या विकास शाखेत पोचल्याच होत्या. आम्हीच पोचवल्या म्हणा. कोणाच्याही घरात ठेवा, फर्मवेअर घडवणारी प्रत्येक ओळ ड्रायव्हरच्या कोडइतक्याच बारकाईने वाचली गेली पाहिजे. प्रत्यक्षात काय होतं? नव्या बोर्डाच्या पॅचवर पंधरा शेरे येतात. मेकफाइलच्या पॅचवर एक जण 'ठीक दिसतंय' म्हणतो आणि तो आत जातो.

नदीकाठ

ताई, याच्याशी शंभर टक्के सहमत. आणि कारण फक्त आळस नाही. बिल्डच्या कामाला श्रेय नाही. यू-बूटने जुन्या हेडर फाइलींतले सगळे पर्याय केकॉन्फिगमध्ये हलवायला २०१४ मध्ये सुरुवात केली. हजारो पर्याय, शेकडो बोर्ड, हलवताना कुणाचंही मूल्य बदलता कामा नये. वर्षानुवर्षं चाललं ते. नवे पर्याय जुन्या पद्धतीने येऊ नयेत म्हणून जुन्यांची यादी करून तिच्यावर पहारा बसवावा लागला. यातल्या एकाही पॅचने नवं काही चालू झालं नाही, म्हणून कुणाच्या लक्षातही आलं नाही.

बूटपथ

मग व्यवहाराचं बोलू. सह्यकडा, तुमच्या कंपनीतला तो बूटलोडर घ्या. क्रॉस कंपायलर तुमच्या पद्धतीने पक्का ठेवा, मी आग्रह सोडतो. पण रोज रात्री एक बिल्ड ताज्या डेबियनवर आणि ताज्या फेडोरावर, त्यांच्याच जीसीसीने, होस्ट टूलसकट. तो पडला तर रिलीज अडवायचा नाही, पण आठवड्याच्या आत कुणीतरी त्यावर नाव टाकायचं. जीसीसी १४ ने २०२४ मध्ये जाहीर न केलेल्या फंक्शनला सरळ एरर ठरवलं. रोजचा बिल्ड असता तर तुम्हाला ते पहिल्या आठवड्यात कळलं असतं.

सह्यकडा

रोजचा बिल्ड सोमवारी लावतो. आठवड्याच्या आत नाव टाकायची अट मात्र आमच्याकडे टिकणार नाही. आम्ही तिघं आहोत आणि तिघांच्याही नावावर आधीच बोर्ड आहेत. महिना धरतो.

पॅकेजवाली

महिना चालेल. मेकफाइल आणि स्क्रिप्टच्या पॅचला दोन रिव्ह्यूअर, ही अटही त्यात घाला.

मास्तर

आणि सोमवारी लावाल तेव्हा पायऱ्या मराठीत लिहून इथे टाका. यंदाच्या तीन मुलांना तुमच्या बोर्डाऐवजी क्यूईएमयूवर करून बघायला लावतो. डेबियनचा रात्रीचा बिल्ड पडला की पहिली चौकशी त्यांच्याकडून होऊ दे.