‘स्ट्रेंज फ्रूट’ ऐकलं. गाण्याने काही बदलतं का?

नदीकाठ: काल भांडी घासताना बिली हॉलिडे या अमेरिकन कृष्णवर्णीय गायिकेचं हे गाणं लागलं. झाडाला लटकणारी फळं म्हणजे माणसांची प्रेतं, हे उमगलं आणि नळ तसाच वाहत राहिला. रात्री झोप नाही. ऐकणारे हळहळतात नि घरी जातात, एवढंच होतं का हो?

शाहिराची नात: मूळ कविता न्यूयॉर्कमधल्या एबेल मीरोपोल या शाळामास्तरांची, १९३७ साली छापलेली. झुंडीने मारून टांगलेल्या दोन कृष्णवर्णीयांचा फोटो त्यांच्या डोळ्यांपुढून हलेना. १९३९ मध्ये न्यूयॉर्कच्या कॅफे सोसायटी या नाइटक्लबमध्ये बिली ते गायची तेव्हा वेटर जागच्या जागी थांबत, दिवे मालवत, फक्त तिच्या चेहऱ्यावर एक झोत. नंतर वन्समोअर नाही. कोलंबिया कंपनीने रेकॉर्ड करायला नकार दिला, शेवटी कमोडोर या छोट्या कंपनीने केलं. माझे आजोबा जलशात गायचे. ते म्हणत, ज्याला ऐकायचं नाही त्याच्यासमोरच आवाज चढवायचा.

पिंपळपार: पण कायदा? झुंडबळी हा अमेरिकेत केंद्रीय गुन्हा ठरला २०२२ साली!

शाहिराची नात: हो, आणि त्याचा मला संताप येतो. तरी शब्द समुद्र ओलांडतात. ब्लॅक पँथर या अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या लढाऊ संघटनेवरून नाव घेऊन १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली, आणि ती उभारणारे ढसाळ, ज. वि. पवार हे कवीच होते.

नदीकाठ: आज लेकीला शेजारी बसवून पुन्हा लावलं. तिने विचारलं, “आई, त्यांची नावं काय होती?” फोटोतले ते दोघे: थॉमस शिप आणि अब्राम स्मिथ. वहीत लिहून घेतली तिने.