सिगरेट सोडली पण वजन वाढलं, तोंडाच्या कॅन्सरला हे पण कारण होतं का?

पाऊसवेडी:
माझा धाकटा भाऊ, वय ४१. गालाच्या आतून पांढरा चट्टा आला होता, बायोप्सीत माईल्ड डिस्प्लेसिया (पेशींमध्ये थोडा बिघाड) निघालं, कॅन्सर नाही पण लक्ष ठेवावं लागेल असं सांगितलं. त्याच दिवशी त्याने सिगरेट सोडली, आठ महिने झाले, एकदाही हात लावला नाही. पण या काळात वजन १४ किलोने वाढलं, बीएमआय ३१ झालाय. आता त्याने नेटवर वाचलं की लठ्ठपणाने इम्युनिटी बिघडते आणि त्याने तोंडाचा कॅन्सर होतो, आणि कालपासून एकच घोकतोय की बारीक होतो तेच बरं होतं, सोडून काय मिळालं. मला खरंच भीती वाटतेय की परत सुरू करेल. वजनाचा आणि तोंडाचा संबंध असतो का? इम्युनिटी वाढवायच्या गोळ्या देऊ का त्याला?

दातांचा_डॉक्टर:
ताई, आधी एक सांगतो, त्याला परत सिगरेट घेऊ देऊ नका, बाकी सगळं त्यानंतर. तंबाखू, दारू, सुपारी ही तोंडाच्या कॅन्सरची मोठी कारणं आहेत आणि लठ्ठपणा त्यांच्या आसपासही नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने २०१६ मध्ये जास्त चरबीशी पक्का संबंध असलेले १३ प्रकारचे कॅन्सर सांगितले, त्यात अन्ननलिका, आतडं, गर्भाशय, रजोनिवृत्तीनंतरचा स्तनाचा असे आहेत, तोंडाचा नाही. उलट अभ्यासांमध्ये तोंड-घशाचा कॅन्सर बारीक लोकांत जास्त दिसतो, पण तो बारीकपणाचा दोष नाही हो, सिगरेटने भूक मरते आणि माणूस वाळतो, आणि आजार आतून सुरू झाला की निदानाच्या आधीच वजन उतरायला लागतं. म्हणजे "बारीक होतो तेच बरं" हे पूर्ण उलटं आहे, तो बारीक होता कारण ओढत होता.

सूक्ष्मदर्शक:
मी इम्युनॉलॉजीत काम करते, वरच्या उत्तराशी सहमत, पण वजनाचा काहीच संबंध नाही असं पण समजू नका. चरबी म्हणजे नुसता साठा नाही. पेशी फार फुगल्या की काही मरतात, मग मॅक्रोफेज नावाच्या इम्युनिटीच्या पेशी त्यांच्याभोवती कडं करून बसतात आणि आयएल-६, टीएनएफ अशी सूज वाढवणारी रसायनं सोडत राहतात, ती रक्तातून सगळीकडे फिरतात, तोंडातही पोचतात. ही सूज बारीक पण कायमची असते, वर्षानुवर्षं.
दुसरी गोष्ट टी-सेलची, म्हणजे इम्युनिटीच्या पांढऱ्या पेशींची. चट्ट्यातल्या बिघडलेल्या पेशी ओळखून मारायचं काम त्यांचं. लठ्ठपणात लेप्टिन हे चरबीतून येणारं हार्मोन वाढतं, आणि प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसलंय की त्याने टी-सेलवर पीडी-१ हा ब्रेक जास्त लागतो, त्या थकतात. उंदरांमध्ये तर ट्यूमर चरबी स्वतः खाऊन घेतो आणि टी-सेल उपाशी राहतात असंही दिसलंय. पीडी-१ चा हाच ब्रेक काढणारी औषधं तोंड-घशाच्या पसरलेल्या कॅन्सरला २०१६ पासून वापरतात, आणि पीडी-१ शोधणाऱ्या तासुकू होन्जो यांना २०१८ चं नोबेल मिळालं.
म्हणूनच इम्युनिटी "वाढवायच्या" गोळ्या नकोत. त्याच्या इम्युनिटीचा एक भाग उगाच भडकलेला आहे आणि दुसरा थकलेला, गोळीला यातला कुठला वाढवायचा ते कळत नाही. रोजचं चालणं, पुरेशी झोप आणि हळूहळू उतरलेलं वजन हेच कामाचं.

किनारा:
माझ्या वडिलांना जिभेचा कॅन्सर झाला होता म्हणून लिहितोय. रेडिएशनच्या काळात तोंड इतकं सोललं की पाणी गिळताना डोळ्यात पाणी यायचं, सात आठवड्यांत ११ किलो गेले, शेवटी नळीने खायला घालावं लागलं. डॉक्टर तेव्हा म्हणाले की यांचं आधीचं वजन बरं होतं म्हणून निभावलं. तर वजन उतरवायचं ते आत्ता, तब्येत चांगली असताना. देव न करो पण उद्या ट्रीटमेंट लागली तर त्या काळात डाएट अजिबात नाही.

दातांचा_डॉक्टर:
हे फार महत्त्वाचं लिहिलंत. आणि ताई, चट्ट्याची तपासणी चुकवू नका, माईल्ड असेल तर बऱ्याचदा सिगरेट सुटल्यावर तो फिका पडतो. लाल झाला, कडक लागला, किंवा दोन आठवड्यांत न भरणारी जखम झाली तर पुढच्या तारखेची वाट बघू नका. दारू असेल तर ती पण बंद.

पाऊसवेडी:
सगळ्यांचे मनापासून आभार. त्याला शेजारी बसवून सगळं मोठ्याने वाचून दाखवलं. किनारा यांच्या वडिलांचं वाचल्यावर बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला चल, चालायला जाऊ. चप्पल घालून उभा आहे, पुढची तपासणी कशी झाली ते इथेच लिहीन.