तांब्याचा बोर्ड कोणता घ्यावा आणि कसा कापावा?

प्रश्न: छोट्या ॲम्प्लिफायरसाठी घरीच पीसीबी, म्हणजे सुटे भाग जोडायचा तांब्याच्या वाटांचा बोर्ड, तयार करायचा आहे. फिनोलिकचा (कागद आणि राळेचा) तपकिरी बोर्ड स्वस्त पडतो, ग्लास इपॉक्सीचा (काचेचे कापड आणि राळेचा) महाग, कोणता घ्यावा? शिवाय करवतीने कापताना कडेचे टवके उडतात, त्यावर उपाय सुचवावा.

उत्तर १: ग्लास इपॉक्सी, म्हणजे एफआर-४, घ्यावा. फिनोलिकवर एकच सांधा पुन्हा पुन्हा सोल्डर केला, की उष्णतेने तांब्याचा पॅड (सांध्याखालचा तांब्याचा ठिपका) सुटून वर येतो, आणि प्रयोगाच्या सर्किटमध्ये सुटे भाग तर बदलावे लागतातच. १.६ मिलिमीटर जाडी आणि ३५ मायक्रॉन तांबे आपल्या कामाला पुरेसे आहे.

उत्तर २: पोलादी पट्टी घट्ट धरून कटरने दोन्ही बाजूंना बरोबर समोरासमोर, तांबे कापून आतले काचेचे कापड दिसेपर्यंत रेघ खोल करावी, मग ती टेबलाच्या कडेवर ठेवून बोर्ड दाबावा; तो सरळ तुटतो. कड ओल्या पॉलिशपेपरवरच घासावी. काचेच्या तंतूंची धूळ फुप्फुसांना घातक असते, त्यामुळे मास्क लावल्याशिवाय हे काम कृपया करू नये.

उत्तर ३: एक भर घालतो. एफआर-४ साध्या ड्रिल बिटची धार लवकर घालवतो, म्हणून भोकांसाठी कार्बाइडचे बिट घ्यावे. मात्र ते ठिसूळ असल्याने हातात धरलेल्या ड्रिलऐवजी स्टँडवरच वापरावे.