शब्दचर्चा : उत्पन्न, मिळकत, कमाई आणि ‘सुखानं भागणं’

शाई
चौघांच्या कुटुंबाला सुखानं राहायला महिना किती लागतो, यावर एका अंकासाठी लेख लिहायचा आहे. कच्च्या मजकुरात उत्पन्न, मिळकत, कमाई, पगार, आवक असे पाच शब्द एकमेकांच्या जागी पडलेत. कुठला कुठे चालेल? आणि ‘सुखानं’ म्हणजे नेमकं किती, यालाही मराठीत काही पायऱ्या आहेत का?

ताळेबंद
‘मिळकत’ आधी काढा. पुण्यात मिळकतकर म्हणजे घरपट्टी, आणि सिटी सर्व्हेच्या उताऱ्याला मिळकत पत्रिका म्हणतात. तुम्ही ‘कुटुंबाची मिळकत 80,000’ लिहिलंत, तर अर्ध्या वाचकांच्या डोळ्यांपुढे फ्लॅट येईल. ‘आवक’ मार्केट यार्डात आणि टपालाच्या रजिस्टरात शोभते. ‘कमाई’ माणसाची असते, घराची नसते: घरात कमावती माणसं दोन, घराचं उत्पन्न एक. ‘वरकमाई’ तर अजिबात नको, त्या शब्दाला टेबलाखालचा वास आहे.

राहिला पगार. इथे घोळ शब्दात कमी आणि आकड्यात जास्त असतो. ‘नऊ लाखांचं पॅकेज’ म्हटलं की लोक भागिले बारा करून 75,000 धरतात. आता फोड पाहा. मूळ वेतन निम्मं, म्हणजे महिना 37,500. कंपनी भरते तो पीएफ 12 टक्के, वर्षाला 54,000. ग्रॅच्युइटीपोटी मूळ वेतनाच्या 4.81 टक्के, म्हणजे सुमारे 21,650. कामगिरीवर अवलंबून असलेली रक्कम 60,000 धरू; ती मिळालीच तर वर्षाअखेर. हे सगळं वजा जाता महिन्याचा ढोबळ पगार साधारण 63,700 होतो. त्यातून स्वतःचा पीएफ 4,500 आणि व्यवसाय कर 200 (फेब्रुवारीत 300) कापला जातो. 2025-26 च्या नव्या करप्रणालीत या पगारावर प्राप्तिकर शून्य आहे, तरीही हातात येतात 59,000. पॅकेज, ढोबळ पगार आणि हातात येणारा पगार हे तीन वेगळे आकडे आहेत. लेखात तिसराच धरा, आणि तो धरलाय असं पहिल्या परिच्छेदात सांगा.

पदरमोड
‘सुखानं’च्या पायऱ्या मराठीत चांगल्याच रेखीव आहेत, खालून वर अशा: हातातोंडाशी गाठ, ओढाताण, भागतं, खाऊनपिऊन सुखी, सुखवस्तू.

‘भागतं’ हा शब्द फसवा. पुण्यात भाड्यानं राहणारं चौकोनी कुटुंब घ्या, आकडे मांडणीपुरते. भाडं 22,000, वाणसामान, दूध, भाजी, गॅस 14,000, शाळा आणि शिकवणी 10,000, वीज, मोबाइल, नेट 5,000, पेट्रोल आणि बस 5,000. एकूण 56,000. वरच्या 59,000 मध्ये हे बसतं, म्हणून घरचे म्हणतात ‘भागतंय की’. पण विम्याचा हप्ता, जूनमधली वह्या-पुस्तकं-गणवेश, दिवाळी, गाडीचा विमा आणि टायर, दात आणि चष्मा, लग्नकार्यातले अहेर, अकरा महिन्यांचा करार संपल्यावर नवं घर आणि एजंटाची दलाली, यांतलं काहीच महिन्याच्या यादीत नाही. वर्षाचे 1,20,000 धरले तर महिन्याला 10,000 पडतात, म्हणजे खरा खर्च 66,000. दरमहा 7,000 ची तूट, आणि ती दिसते फक्त जून आणि ऑक्टोबरात. मग ती क्रेडिट कार्डावर जाते. याला तोंडमिळवणी झाली म्हणता येत नाही. जमा आणि खर्च वर्षाला जुळले तरच तोंडमिळवणी.

‘खाऊनपिऊन सुखी’ स्थळ म्हणजे डोक्यावर कर्ज नाही आणि अडलंय काही नाही, इतकंच. त्याच्या वर जायचं तर उरायला हवं. उत्पन्नाचा पाचवा हिस्सा शिल्लक पडावा म्हटलं, तर 66,000 भागिले 0.8, म्हणजे हातात 82,500. शिवाय सहा महिन्यांच्या खर्चाची गंगाजळी, सुमारे चार लाख. ‘सुखवस्तू’ त्याच्याही पुढे: पुढच्या महिन्याच्या पगारावर ज्यांचं घर टेकलेलं नाही ते. मध्यमवर्गीय कुटुंबाला सरसकट ‘सुखवस्तू’ लिहायची जी पद्धत पडली आहे, ती मला चुकीची वाटते.

बांधावरून
शेतीत ‘उत्पन्न’ म्हणजे दोन गोष्टी. ‘एकरी दहा क्विंटल उत्पन्न’ म्हणताना माल मोजलेला असतो; कागदावर त्याला उत्पादन म्हणावं, बोलीत उतारा. पैशात आणलं की उत्पन्न, पण त्यातून खर्च जायचाच असतो. सोयाबीन दहा क्विंटल, भाव 4,500 धरा: 45,000. बियाणं, खत, फवारणी, काढणी-मळणीचे 25,000 गेले की एकरी 20,000 राहतात, त्यातही घरच्यांची मजुरी धरलेली नाही. पाच एकरांचे एक लाख झाले, तर महिन्याला 8,300 च्या आसपास. आणि ते महिन्याला येतच नाहीत, दिवाळीच्या सुमारास एकदम येतात. आधीची उधारी चुकती केली की उरलेल्यावर पुढचं पीक येईपर्यंत काढायचं. म्हणून शेतकरी कुटुंबासाठी ‘मासिक उत्पन्न’ लिहूच नका, ‘वर्षाचं निव्वळ उत्पन्न’ लिहा.

शाई
आणि दाखल्यावरचं ‘कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न’? तेच ना?

ताळेबंद
नाही, ते ज्या कामासाठी दाखला हवा त्यावर ठरतं. आर्थिक दुर्बल घटकाच्या दाखल्याला आठ लाखांची मर्यादा, त्यात पगार, शेती, धंदा सगळं धरतात, आणि आधीच्या एका आर्थिक वर्षाचं. नॉन-क्रिमीलेयरलाही आकडा आठ लाखच, पण तिथे पगार आणि शेतीचं उत्पन्न मोजत नाहीत, बाकीचं सलग तीन वर्षांचं पाहतात. पालकांच्या पदाची कसोटी वेगळी. आठ लाख दोन्हीकडे सारखे दिसतात, म्हणून वडिलांचा पगार नऊ लाख बघून काहीजण नॉन-क्रिमीलेयरचा अर्जच करत नाहीत. ‘कुटुंब’सुद्धा तिथे व्याख्येनं ठरतं: आर्थिक दुर्बल घटकात अर्जदाराचे आईवडील, जोडीदार, 18 वर्षांखालची भावंडं आणि मुलं येतात. एका चुलीवर जेवणारा कमावता मोठा भाऊ त्यात नसतो.

पदरमोड
मग लेखात ‘घरात येणारा पैसा’ असंच लिहा. भावाचाही त्यात येतो.